हिरादोच्या बंद दारापुढून : जपानच्या पर्यटनमंत्र्यांना खुलं पत्र

मा. भूमी, वाहतूक व पर्यटन मंत्री महोदय, जपान सरकार, यांस

सादर नमस्कार. या पत्राची जपानी प्रत टपालाने पाठवली आहे. मराठीत इथे लिहितोय, कारण झालं ते आमच्या लोकांनाही कळायला हवं.

माझे बाबा 78 वर्षांचे. सातारा जिल्ह्यातल्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. जपानला आले ते एकाच अटीवर : क्योतो नको, नागासाकी प्रांतातल्या हिरादो बेटावर ने. 1624 साली तिथे जन्मलेल्या चिनी सेनानी झेंग छंगगोंग ऊर्फ कोक्सिंगाचं घर त्यांना पाहायचं होतं. सात वर्षांचा होईपर्यंत तो हिरादोतल्याच कावाची गावात आपल्या जपानी आईजवळ वाढला. त्या जागी पुन्हा उभारलेलं घर 2013 पासून लोकांसाठी खुलं आहे. त्याचा बाप 1646 मध्ये चीनवर चालून आलेल्या मांचूंना जाऊन मिळाला, मुलगा गेला नाही. चीनच्या बुडत्या मिंग घराण्याशी त्याने इमान राखलं आणि नऊ महिने वेढा घालून 1662 मध्ये तैवानचा झीलंडिया किल्ला डचांकडून घेतला. बाबा म्हणतात, "समुद्रावरचा किल्ला घेणं म्हणजे काय, ते जंजिऱ्यापायी रक्त आटवलेल्या आपल्या लोकांना विचार."

एका कार्यालयाने (नाव घेत नाही) फोनवर शब्द दिला होता : बाबांचे गुडघे अधू आहेत ना, स्टेशनवर टॅक्सी उभी असेल, सोबत इंग्रजी बोलणारा माणूस असेल. कोणी आलं नाही. फोन कोणी उचलला नाही. बस नुकतीच गेलेली. दोन तास बाबा पावसात माझ्या खांद्याला धरून उभे होते! कावाचीला पोचलो तेव्हा वेळ संपून दार लागलं होतं. समोरचं नागीचं झाड कोक्सिंगाने लहानपणी लावलं असं गाव सांगतं. बाबांनी टोपी काढून त्या झाडालाच नमस्कार केला. माझ्याच्याने बघवलं नाही. मागच्या आठवड्यात ते परत गेले. पुन्हा येणं आता होणार नाही.

महोदय, 2024 मध्ये 3 कोटी 68 लाख परदेशी पाहुणे आले. 2030 पर्यंत तुम्हाला 6 कोटी हवेत. ते कुठे कोंबणार? क्योतोत गर्दीमुळे तिथल्याच लोकांना बसमध्ये चढता येत नाही, आणि खेड्यापाड्यांत चालक नाहीत म्हणून फेऱ्या कापल्या जातात. बसही तुमच्याच खात्यात, पर्यटनही तुमच्याच. एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलापर्यंत जात नाही का? हे दुखणं मी गावाकडे सोडून आलो, असं अकरा वर्षं समजत होतो. इथे कर भरतो, म्हणून विचारतोय.

हिरादोने डचांची वखारही पुन्हा बांधली आणि डचांना हरवणाऱ्याचं घरही. आपलं काम त्या गावाने केलं. तिथवर माणूस पोचवणं तुमचं काम. स्टेशनपासून कावाचीपर्यंत दिवसाला चार फेऱ्या तरी धड द्या, आणि दिलेला शब्द मोडला तर जाब कोणाला विचारायचा, ते लेखी कळवा.

उत्तर जपानीत आलं तरी चालेल. बाबांना मी फोनवर मराठीत वाचून दाखवीन.

आपला,
एका शिक्षकाचा मुलगा