चष्म्याच्या चिठ्ठीवर कॉन्टॅक्ट लेन्स नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लग्नसराई आली, कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की कोल्हापुरात महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत कॉन्टॅक्ट लेन्सची विचारणा वाढते. गिऱ्हाईक चष्म्याची चिठ्ठी पुढे करते आणि काउंटरवरून त्याच नंबरची लेन्स दिली जाते. नाहीतर तो नंबर मोबाइलवर टाकला की लेन्स घरपोच येते. या सगळ्यात डोळा मात्र कुणी बघितलेलाच नसतो. हे थांबायला हवे, म्हणून हे पत्र.

आधी नंबराचे बघू. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटरवर असते, लेन्स थेट कॉर्नियावर, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यावर बसते. उणे ४ पर्यंत या अंतराने फारसे बिघडत नाही, पुढे बिघडते. चष्म्याचा नंबर उणे ६ असेल तर लेन्स उणे ५.५० च्या आसपास लागते, उणे ८ असेल तर उणे ७.२५. अधिक नंबराला हिशेब उलटा, अधिक ६ ला अधिक ६.५०. चष्म्याचाच उणे नंबर लेन्सला लावला तर कॉलेजच्या पोराला फळा लख्ख दिसतो, पण वाचताना डोळ्यावर ताण येतो आणि डोके दुखते. मग ‘होईल सवय’ असे सांगून त्याची बोळवण होते.

चष्म्याच्या चिठ्ठीवर कॉर्नियाचा बाक लिहिलेला नसतो. तो केराटोमीटर नावाच्या यंत्रावर मोजतात. बहुतेकांचा ४३-४४ डायऑप्टरच्या (नंबर मोजण्याचे एकक) आसपास, म्हणजे ७.७ ते ७.८ मिलिमीटर त्रिज्येचा भरतो. सॉफ्ट लेन्स मुद्दाम त्याहून थोडी पसरट असते: बेस कर्व्ह (लेन्सच्या आतल्या बाजूचा बाक) साधारण ८.४ ते ८.८ मिलिमीटर, व्यास १४ च्या जवळपास. खोक्यावर दोन कंपन्यांचा ८.६ हा आकडा सारखाच असला तरी लेन्सची जाडी आणि मटेरियल वेगळे, त्यामुळे एकाच डोळ्यावर एक घट्ट बसते, दुसरी सैल. म्हणून ट्रायल लेन्स घालून बघण्याला पर्याय नाही.

ट्रायल म्हणजे लेन्स घालून आरशात बघणे नव्हे. पंधरा-वीस मिनिटे ती डोळ्यात बसू द्यायची, मग स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची. पापणी मिटून उघडली की लेन्स पाव ते अर्धा मिलिमीटर हलली पाहिजे. खालच्या पापणीतून बोटाने हलकेच वर ढकलली तर सहज सरकून पुन्हा मध्यावर आली पाहिजे. सैल लेन्स लगेच कळते, कारण कड टोचते आणि नजर हलते. खरा धोका घट्ट लेन्सचा, कारण सुरुवातीला तीच सर्वांत आरामशीर वाटते. चार-सहा तासांनी डोळा लाल होतो आणि काढल्यावर पांढऱ्या भागावर कडेचा वळ दिसतो. लेन्सखालचे अश्रू बदलत नाहीत, साचलेला कचरा तिथेच राहतो. त्यामुळे ‘घातल्याचे जाणवतसुद्धा नाही’ एवढ्यावर लेन्स पास करू नये. लेन्स काढल्यावर फ्लुरोसीनचा पिवळा रंग टाकून कॉर्नियावर ओरखडे नाहीत ना, हेही बघायचे. रंग लेन्स घातलेली असताना टाकला तर सॉफ्ट लेन्सच पिवळी होते.

सिलिंडर नंबर (डोळ्याचा बाक सगळीकडे सारखा नसल्याने लागणारा) ०.७५ किंवा जास्त असेल तर त्यासाठीची टोरिक लेन्स मागा. तिच्यावर बारीक खूण असते, ती ठरल्या जागी थांबते का ते बघावे लागते. लेन्स १० अंश फिरली तरी सिलिंडरचा जवळजवळ तिसरा हिस्सा फायदा जातो.

शोभेच्या रंगीत लेन्सला नंबर नसला तरी तपासणी तीच. एका नवरीची लेन्स धुऊन दुसरीच्या डोळ्यात घालणे तर पूर्ण बंद व्हायला हवे. कधीमधी, समारंभापुरती वापरणाऱ्याने डेली डिस्पोजेबलच (एकदा वापरून फेकायची) घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मंथली लेन्सचा महिना पाकीट फोडल्यापासून धरतात. दोनदाच घातली म्हणून ती सहा महिने चालत नाही.

दुकानातून निघण्यापूर्वी लेन्स स्वतः घालता-काढता आलीच पाहिजे. बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने बघा: कड वाटीसारखी सरळ उभी असेल तर बाजू बरोबर, बाहेर पसरली असेल तर उलटी. रोज काढल्यावर तळव्यावर सोल्युशनने चोळून धुवायची आणि डबीत ताजे सोल्युशन भरायचे. कालच्यात भर घालायची नाही. डबी दर तीन महिन्यांनी बदला. नळाचे, बोअरचे, अगदी फिल्टरचेही पाणी लेन्सला लावू नका. पाण्यात अकँथामिबा हा सूक्ष्म जीव असू शकतो, आणि त्याने झालेली कॉर्नियाची जखम महिनोन्महिने बरी होत नाही.

आपल्याकडचे काही वेगळे सांगायला हवे. तालमीच्या लाल मातीत आणि विहिरीत पोहताना लेन्स नको. जोतिबाच्या चैत्र यात्रेला जाताना चष्माच घाला, गुलाल लेन्सखाली गेला की डोळे चोळून ओरखडे पडतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणाऱ्यांनी लेन्स म्हणजे गॉगल समजू नये, वरून सेफ्टी गॉगल हवाच. डंकावरून चटणी कुटून आणली असेल त्या दिवशी नुसत्या पाण्याने हात धुऊन भागत नाही. साबणाने दोनदा धुवा, नाहीतर तिखट लेन्सला लागून डोळ्यात उतरते.

दुकानदार बंधूंना विनंती की प्रत्येक गिऱ्हाइकाला लेन्सची वेगळी चिठ्ठी द्यावी: दोन्ही डोळ्यांची पावर, बेस कर्व्ह, व्यास, कंपनी, बदलण्याची मुदत आणि आठवड्या-पंधरवड्यातली फेरतपासणीची तारीख. गिऱ्हाइकांनीही ती मागून घ्यावी.

लेन्स काढल्यावरही डोळा लाल राहिला, दुखला, उजेड सहन होईना किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे किंवा सीपीआर रुग्णालयाच्या नेत्रविभागात जा. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका. काढलेली लेन्स फेकू नका, डबीसकट सोबत न्या. जंतू कोणता, हे तिच्यावरून तपासता येते.

आपले,
नेत्रतपासणी व्यवसायातील काही ऑप्टोमेट्रिस्ट, कोल्हापूर