शाळा सोडण्याचे कारण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकातलं ‘सामोपचाराने सुटला विशेष विद्यार्थ्याचा प्रश्न’ हे वृत्त वाचलं. त्याच दिवशी लिहायला बसले होते, पण राग शांत होऊ दे म्हणून थांबले. तो काही शांत झाला नाही, म्हणून आज लिहिते आहे.

पालकांनी ‘स्वखुशीने’ दाखला घेतला, शाळेने राहिलेली फी सोडून दिली, सगळ्यांनी मिळून चहा घेतला आणि वाद मिटला, असं आपल्या प्रतिनिधीने लिहिलं आहे. याला त्यांनी तोडगा म्हटलं आहे. मुलाला शाळेत राहू द्या, एवढाच तर वाद होता. मुलगा शाळेतून गेला. मग मिटलं काय?

मी सव्वीस वर्षं विशेष शिक्षिका म्हणून नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून अशाच वादांमध्ये पालक आणि शाळा यांच्या मध्ये बसते. कधी आईचा फोन येतो, कधी मुख्याध्यापकांचा. पैसे कुणाकडूनच घेत नाही. मध्यस्थीवर माझा विश्वास आहे. मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बाईंच्या वर्गात जाऊन बसायचं असतं, त्यामुळे भांडण चव्हाट्यावर नेण्याआधी चार माणसांनी एका टेबलाशी बसावं, हे मी स्वतः कितीतरी पालकांना सांगितलेलं आहे. पण आपल्या वृत्तातले मध्यस्थ कोण, तर त्याच संस्थेचे विश्वस्त! त्यांनी कितीही चांगल्या मनाने केलं असेल, तरी त्याला मध्यस्थी म्हणता येत नाही.

वृत्तात अमेरिकेचं उदाहरण दिलं आहे, ते तरी पूर्ण द्यायचं होतं. तिथे विशेष शिक्षणाच्या कायद्यातल्या १९९७ च्या दुरुस्तीपासून अशा वादांसाठी मध्यस्थीची सोय ठेवणं प्रत्येक राज्यावर बंधनकारक आहे. खर्च राज्य करतं. मध्यस्थ त्या शाळेच्या नोकरीतला असून चालत नाही. मध्यस्थीच्या नावाखाली पालकांचा सुनावणीचा हक्क लांबवता येत नाही. आणि जे ठरेल ते लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन पक्कं करावं लागतं. यातलं एकही वाक्य वृत्तात नाही. त्याऐवजी शेवटी पालकांना सल्ला दिला आहे की, ‘कागदपत्रांच्या मागे न लागता विश्वासाने प्रश्न सोडवावेत’. या सल्ल्यामुळेच हे पत्र लिहावं लागतं आहे, कारण तो मी एकदा पाळला आहे.

तिसरीतला मुलगा. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. शाळा खासगी, मराठी माध्यमाची. शाळेची तक्रार अशी की मुलगा वर्गातून पळून जातो, त्याच्यामागे माणूस धाडावा लागतो, तेव्हा पालकांनी स्वखर्चाने शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्या एकट्या मुलासोबत राहणारी मदतनीस, ठेवावी. वडील एका दुकानात कामाला, त्यांना ते परवडणं शक्यच नव्हतं. बैठकीला आई प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे रिपोर्ट घेऊन आली होती. शाळेकडे एक दोनशे पानी वही होती. तीत बाईंनी तारीख आणि वेळेसकट नोंदी ठेवल्या होत्या: ‘वर्गाबाहेर पळाला’, ‘पुन्हा पळाला, शिपायाने आणले’.

मी ती वही मागून घेतली आणि भिंतीवरच्या वेळापत्रकाशेजारी धरली. प्रत्येक नोंद तास संपण्याच्या वेळेची. शनिवारच्या नोंदींच्या वेळा मात्र वेगळ्या, कारण शनिवारी शाळा सकाळची; पण त्याही त्या दिवशीचे तास संपण्याच्याच. तिथे माझी खात्री पटली. बाहेर जाऊन पाहिलं. तिसरीच्या दाराला लागूनच, व्हरांड्यात रेल्वेरुळाचा तुकडा टांगलेला. शिपाईमामा त्याच्यावर हातोडा मारायचे. त्या शाळेत वीस वर्षं काढलेल्यांना ती घंटा ऐकूसुद्धा येत नसेल. त्या मुलाच्या कानात ती घणासारखी बसत होती. तो पळत नव्हता, आवाजापासून लांब जात होता.

पुढच्या वीस मिनिटांत सगळं ठरलं. तिसरीचा वर्ग व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा. घंटेआधी मिनिटभर मामांनी बाईंना खूण करायची. बाईंनी मुलाला घंटेचं चित्र दाखवायचं, म्हणजे तो कानावर हात ठेवेल. शॅडो टीचरचा विषय बंद. मी लिहायला कागद घेतला, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, “बाई, लेखी नको. संस्थेला आवडायचं नाही. माझा शब्द आहे ना!” आईने सही करायला पेन काढलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने पेनाला टोपण लावून ते पर्समध्ये ठेवलं.

मुख्याध्यापिकांनी शब्द पाळला, हे मला सांगितलंच पाहिजे. उरलेल्या वर्षात त्या वहीत पळण्याची एकही नोंद झाली नाही. जूनमध्ये त्यांची संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली झाली. वर्गांच्या खोल्या बदलल्या, चौथी घंटेखाली आली आणि वही पुन्हा सुरू झाली. नव्या मुख्याध्यापकांकडे मी गेले, तर त्यांनी एकच विचारलं, “असं ठरलंय हे कुठे लिहिलंय?” माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. शॅडो टीचर ठेवा, नाहीतर दाखला न्या, असं त्यांनी पालकांना सांगितलं. जुलैच्या अखेरीस पालकांनी दाखला नेला. त्याच्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘पालकांच्या विनंतीवरून’.

संध्याकाळी आईचा फोन आला. ती मला बोल लावत नव्हती. तिला फक्त विचारायचं होतं, “बाई, अर्ज ऑफिसातूनच टाइप करून दिला होता, मी नुसती सही केली. तो माझ्या हाताने लिहायला पाहिजे होता का?”

संपादक महोदय, हा रकाना नीट समजून घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. म्हणून शाळा काढत नाहीत. पालकांनीच अर्ज करावा इथपर्यंत त्यांना आणून सोडतात. रोज फोन करायचा, अकरा वाजता मुलाला घरी न्यायला लावायचं, सहलीला नको म्हणायचं, इतर पालकांच्या तक्रारी दाखवायच्या. शेवटी आईबाप थकतात. त्या थकण्याला आपण ‘स्वखुशीने’ हा शब्द वापरलात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ सर्वसमावेशक शिक्षणासंबंधी आहे आणि त्यात फक्त अनुदानित नव्हे, मान्यता असलेल्या शाळाही येतात. भेदभाव न करता प्रवेश आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी, असं तिथे लिहिलं आहे. पालकांनी शॅडो टीचर ठेवावी ही अट कुठेही नाही. मुलाने शाळेत राहायचं की नाही हा वाटाघाटीचा विषयच होऊ शकत नाही. वर्ग कुठला, बाक कुठला, घंटा कशी, परीक्षेला वेळ किती, यावर बोलणी करा, मी रात्री दहापर्यंत बसायला तयार आहे.

शिक्षकांची अडचण मला माहीत आहे. पन्नास मुलं, वर सर्वेक्षणाची कामं, आणि विशेष शिक्षक नाही. प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच सांगून ठेवलं आहे. ते पद भरण्याची जबाबदारी दुकानात काम करणाऱ्या बापावर टाकता येणार नाही.

विषय थोडा वेगळा आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपण त्या मुलाचा गणवेशातला फोटो छापलात, खिशावरचा बिल्ला वाचता येतो आहे. खाली ‘गतिमंद विद्यार्थी’ असं लिहिलं आहे. वृत्तातच तो स्वमग्न असल्याचं म्हटलं आहे. स्वमग्नता म्हणजे गतिमंदत्व नव्हे, एवढं तरी छापण्याआधी कुणाला विचारायचं होतं. बैठकीत काय झालं ते बैठकीबाहेर न्यायचं नाही, हा मध्यस्थीचा पहिला नियम. त्या मुलाचा चेहरा आता गावभर झाला. पुढच्या शाळेत प्रवेशाला जाताना त्याच्या आईने काय करायचं?

‘आयुक्तांकडे जाण्याची वेळ आली नाही, हे दोन्ही पक्षांचं भाग्य’ असंही एक वाक्य आहे. शाळा टेबलाशी येऊन बसते ती पुण्याचं दिव्यांग आयुक्तालय आहे म्हणून. स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केली तर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, हे शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२ मुख्याध्यापकांना ठाऊक असतं म्हणून. ते दार बंद असतं तर माझ्यासारखीला कुणी खुर्चीसुद्धा दिली नसती. पालकांनी तिकडे जाऊ नये असं कृपया छापू नका.

त्या जुलैपासून मी लेखी झाल्याशिवाय उठत नाही. अर्ध्या पानावर पाच ओळी, तारीख, दोन्ही बाजूंच्या सह्या, माझी सही, मुख्याध्यापक बदलले तरी हे लागू राहील असं एक वाक्य, आणि एक प्रत आईच्या हातात. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही तडजोड लेखी, सह्यांनिशी आणि मध्यस्थाने प्रमाणित केलेली असावी असंच आहे. शाळा नाराज होतात. दोन ठिकाणांहून मला नंतर बोलावणं आलं नाही.

आपल्या प्रतिनिधीने त्या पालकांना पुन्हा एकदा भेटावं, ही विनंती. दाखला पाहायला मागावा. शाळा सोडण्याच्या कारणापुढे काय लिहिलं आहे आणि अर्ज कुणी टाइप केला, हे दोन प्रश्न विचारावेत आणि जे उत्तर मिळेल ते, फोटो न देता, पहिलं वृत्त जिथे छापलं त्याच पानावर छापावं.

आपली,
एक निवृत्त विशेष शिक्षिका, सांगली