हाडाचा कॅन्सर, फुप्फुसातील गाठी आणि ‘लाइट’

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

माझा भाचा सतरा वर्षांचा. त्याच्या गुडघ्याच्या वर सूज आली तेव्हा खेळताना मुरगळले असेल असे समजून घरच्यांनी दीड महिना गावातील हाडवैद्याकडून तेल लावून चोळून घेतले. पुढे एका मोठ्या रुग्णालयात तुकडा काढून तपासल्यावर ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर निघाला आणि छातीच्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसांत चार गाठी दिसल्या. पत्र लिहिण्याचे कारण मात्र त्यानंतर वॉर्डात झालेला गैरसमज हे आहे.

शेजारच्या खाटेवर निपाणीकडची एक मुलगी होती. तिलाही हाडाचाच कॅन्सर, तोही फुप्फुसात गेलेला. तिची केमोथेरपी संपत आली होती आणि छातीला ‘लाइट’, म्हणजे किरणोपचार, सुरू व्हायचे होते. भाच्यासाठी मात्र केमोथेरपी आणि ऑपरेशन एवढेच सांगण्यात आले. आपल्या कार्डावर लाइट बसत नसेल, किंवा आपल्याला धड कन्नड बोलता येत नाही म्हणून डावलले असेल, असे बहिणीच्या मनाने घेतले. आपल्या सीमाभागात असा संशय यायला वेळ लागत नाही, आणि तो दर वेळी खोटाच असतो असे मी म्हणणार नाही. या वेळी तो खोटा होता, पण तसे सांगायला आठ दिवस कोणी आले नाही.

अखेर एका तरुण डॉक्टरने उलगडा केला. त्या मुलीला युइंग सार्कोमा हा हाडाच्या कॅन्सरचा वेगळा प्रकार होता. त्याच्या पेशी किरणांना लवकर दाद देतात. म्हणून केमोथेरपीने गाठी विरघळल्यावरही स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या ज्या पेशी मागे राहिल्या असतील त्यांच्यासाठी दोन्ही फुप्फुसांना पूर्ण किरण देतात. मात्रा साधारण १५ ते १८ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप), रोज दीड ग्रे याप्रमाणे दहा-बारा दिवस. निरोगी फुप्फुस नाजूक असल्याने संपूर्ण छातीला याहून फार जास्त देता येत नाही. ऑस्टिओसार्कोमा एवढ्या मात्रेला जुमानत नाही, त्यामुळे शक्य असेल तेथे फुप्फुसातील गाठी ऑपरेशनने काढणे हाच मुख्य मार्ग उरतो. ऑपरेशन झेपणार नसेल आणि गाठी लहान व मोजक्या असतील, तर श्वासाबरोबर गाठ किती हलते हे आधी पाहून तेवढ्याच जागी मोठ्या मात्रेचे नेमके किरण थोड्या बैठकांत देता येतात. पसरलेल्या आजारात हाडाची वेदना असह्य झाल्यास ८ ग्रेची एकच बैठकही पुष्कळदा आराम देते. ती वेदना कमी करण्यासाठी असते, आजार मुळापासून जाण्यासाठी नव्हे, हे नातेवाइकांना आधीच सांगायला हवे.

आणखी एक गल्लत. हाडातून फुप्फुसात गेलेली गाठ ही हाडाच्याच कॅन्सरची असते, तिला फुप्फुसाचा कॅन्सर म्हणत नाहीत. आमच्याकडे मात्र सारा दोष बिडी ओढणाऱ्या आजोबांच्या माथी मारला गेला आणि त्या म्हाताऱ्याने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही.

छातीला लाइट घेतलेल्यांना उपचार संपल्यानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी कोरडा खोकला, धाप आणि बारीक ताप येऊ शकतो. किरणांमुळे फुप्फुसाला आलेल्या सुजेचे हे लक्षण असू शकते. खेड्यात अशा वेळी सर्दीचे औषध किंवा टीबीची शंका एवढ्यावरच भागते. त्यामुळे लाइट कुठे, केव्हा आणि किती दिले याचा कागद स्थानिक डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. आम्हाला मिळालेला प्रत्येक कागद इंग्रजीत होता, आणि संमतिपत्रावर बहिणीने केवळ बोट दाखवले तेथे सही केली.

बेळगाव, हुबळी, मिरज, कोल्हापूर, जेथे जेथे सीमाभागातील रुग्ण किरणोपचारासाठी जातात तेथील रुग्णालयांना माझी विनंती आहे, की प्रत्येक रुग्णाच्या फाइलला मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत अर्धे पान जोडावे: कॅन्सर कोणत्या प्रकारचा, लाइट द्यायचे की नाही आणि का, ते बरे करण्यासाठी की वेदना कमी करण्यासाठी, आणि घरी गेल्यावर कोणत्या त्रासासाठी लगेच परत यायचे. एवढे लिहायला यंत्र लागत नाही, अनुदानही नाही. भाच्याचे फुप्फुसाचे ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरले आहे. त्याच्या फाइलमध्ये असे अर्धे पान मी स्वतः, त्या डॉक्टरांना विचारून, मराठीत लिहून लावले आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. खानापूर, जि. बेळगाव