नोंदणी सोपी, अडते ते लेबलावर

महोदय,

दिवाळीच्या तोंडावर गावोगावी फराळ-जत्रा आणि बचत गटांची प्रदर्शने भरू लागतात. स्टॉलच्या अर्जावर ‘एफएसएसएआय लायसन्स, गुमास्ता, जीएसटी अनिवार्य’ म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना, दुकान-नोंदणी आणि वस्तू-सेवा कराची नोंदणी हवीच, असे सरसकट छापलेले असते. घरी चकल्या तळणारी बाई ते वाचूनच मागे सरते, नाहीतर शंभराच्या कामाला एजंटाच्या हातावर हजार-दोन हजार ठेवते. यातले बरेच तिला लागतच नाही. जे लागते, त्याचा अर्जात बहुधा उल्लेख नसतो.

परवाना वेगळा, नोंदणी वेगळी. वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेला लहान उत्पादक, फेरीवाला, अगदी तात्पुरता स्टॉलवालासुद्धा अन्नसुरक्षेच्या 2011 च्या मूळ नियमावलीने नोंदणीत बसवला; उलाढालीची ही मर्यादा पुढे वाढवली गेली. शुल्क वर्षाला 100 रुपये. ‘फॉसकॉस’ या सरकारी पोर्टलवर फोटो आणि ओळखपत्र जोडून अर्ज स्वतः भरता येतो. क्रमांक 14 आकडी मिळतो. तो 2 ने सुरू झाला तर नोंदणी, 1 ने झाला तर परवाना, एवढे तरी आयोजकांना ठाऊक असावे. अर्जावर 7 दिवसांत काहीतरी निर्णय व्हायला हवा, पण तपासणी निघाली तर महिना जातो. म्हणून जत्रेच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. नेहमीची चूक पत्त्याची होते: मैदानाचा पत्ता देतात, द्यायचा असतो पदार्थ बनतो त्या स्वयंपाकघराचा. दुसरी म्हणजे स्वतः बनवत असूनही व्यवसायाच्या प्रकारात नुसते ‘किरकोळ विक्री’ निवडतात.

खरी अडचण पुढे, पाकिटावर. 200 ग्रॅम चकलीचे पाकीट घ्या. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने हवेत आणि ‘भाजणी’ एवढे लिहून भागत नाही. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ अशी फोड करावी लागते. शंकरपाळ्यांत गहू आणि दूध, लाडवात काजू असतील तर अ‍ॅलर्जीची सूचना वेगळी लिहायची. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, नोंदणी क्रमांक, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, पोषणमूल्ये, सर्व करांसह कमाल किंमत हे सगळे त्यावर हवे. किंमत 140 रुपये असेल तर ‘0.70 रुपये प्रतिग्रॅम’ हा एकक दरही. तो हमखास राहतो. निव्वळ वजन म्हणजे पिशवी वगळून. पिशवीसकट 200 भरले तर पाकीट कमी वजनाचेच. शिवाय आधीच भरलेली पाकिटे विकणाऱ्याने वैधमापन (वजनमापे तपासणाऱ्या) विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी करायची असते, 500 रुपये भरून, काम सुरू केल्यापासून 90 दिवसांत.

हे सगळे पहिल्याच जत्रेला झेपत नसेल तर माल सुटा विकावा. ग्राहकासमोर वजन करून पिशवीत भरलेला माल ‘आवेष्टित वस्तू’, म्हणजे आधीच भरलेले पाकीट, ठरत नाही. मात्र काटा वैधमापन विभागाच्या पडताळणीचा शिक्का (मुद्रांकन) असलेला हवा. ऑनलाइन घेतलेल्या किचन काट्याला मुद्रांकन नसते, त्यावर विक्री करता येत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यायची. अन्ननोंदणी सुट्या विक्रीलाही लागते; प्रमाणपत्राची प्रत स्टॉलवर दिसेल अशी लावावी. भजी वर्तमानपत्रात बांधू नयेत, शाई तेलात उतरते. (आपल्या अंकाचाही याला अपवाद नाही!) स्टॉलवर काही तळणार असाल तर घरचा 14.2 किलोचा सिलिंडर नेऊ नका, तो व्यवसायाला चालत नाही. 19 किलोचा व्यावसायिक घ्या.

आता गुमास्ता. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर राज्याच्या 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्याने (2025 च्या दुरुस्तीनंतर) नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. जीएसटीही राज्यातल्या राज्यात 40 लाखांपर्यंत माल विकणाऱ्याला लागत नाही. तेव्हा आयोजकांनी अर्जातली ती ओळ खोडून ‘नोंदणी क्रमांक, शिक्क्याचा काटा, पाकिटे असतील तर लेबलाचा नमुना’ एवढेच मागावे.

एक अपवाद सिंधुदुर्ग-कोल्हापूरकरांसाठी. गोव्यातल्या प्रदर्शनात करपात्र माल विकायला नेला तर उलाढाल कितीही लहान असो, ‘नैमित्तिक करदाता’ म्हणून जीएसटी नोंदणी लागते. ती विक्री सुरू होण्याच्या किमान 5 दिवस आधी मागायची आणि अंदाजे कर आगाऊ भरायचा.

– गृहउद्योगांना साहाय्य करणारे काही वाचक, पुणे