पुणे ‘सव्वा तासावर’ नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूर-पुणे विमानाची बातमी आली की तिच्यात ‘पुणे आता सव्वा तासावर’ हे वाक्य हमखास असतं. त्या सव्वा तासावर विसंबल्यामुळे गेल्या पावसाळ्यात माझ्या आत्याचं अंत्यदर्शन चुकलं, म्हणून हे पत्र.

पहाटे फोन आला, सकाळच्या विमानाचं तिकीट मिळालं. इंदूरच्या रामबागेतून निघालो, बडा गणपतीला वाहतुकीत अडकलो आणि कालानी नगरमार्गे विमानतळावर पोहोचलो तेव्हा विमान सुटायला पन्नास मिनिटं होती. सामान घेणारा काउंटर तासभर आधीच बंद होतो. तिकिटावर तसं छापलेलं होतं, घाईत मी वाचलं नाही. नंतरच्या विमानाने कोथरूडला गेलो, तोवर मंडळी वैकुंठ स्मशानभूमीतून परतली होती.

इंदूर ते पुणे सरळ हवाई अंतर साधारण 500 किलोमीटर. मुंबईही जवळजवळ तेवढीच. ताशी 800 किलोमीटरने जाणाऱ्या जेटला हे अंतर पाऊण तासाच्या आतलं. पंख्याच्या एटीआर विमानाचा वेग ताशी 500 च्या आसपास, त्यामुळे त्याला वेळ जास्त लागतो. वेळापत्रकातला सव्वा तास मात्र विमान इथल्या जागेवरून हललं की सुरू होतो आणि पुण्यात ते जागेवर उभं राहिलं की संपतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांग, चढणं-उतरणं सगळं त्यातच. शिवाय पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची, त्यामुळे कधी त्यांच्यासाठी थांबावंही लागतं.

आता घरापासून मोजा. विमानतळ गाठायला पाऊण तास, दोन तास आधी हजेरी, सव्वा तास प्रवास, सामानाला अर्धा तास, लोहगावहून कोथरूडला तास. साडेपाच तास झाले! तरीही विमान सोयीचंच आहे. ट्रॅव्हल्सच्या बसला अख्खी रात्र लागते. रेल्वे तर रतलाम, वडोदरा, सुरत, वसई, कल्याण असा वळसा घेत नऊशे किलोमीटरहून जास्त फिरवते. 309 किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, पण तो पूर्ण करण्याचं उद्दिष्ट 2028-29 चं आहे. तोपर्यंत इथल्या मराठी घरांना अडीअडचणीला विमानाचाच आधार.

म्हणून विनंती एवढीच, की विमानाच्या बातमीत उड्डाणाच्या वेळेशेजारी काउंटर बंद होण्याची वेळही ठळक छापावी. राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर इथे एकेकटे राहणारे पुष्कळ ज्येष्ठ आजही वर्तमानपत्रातलं वाचूनच घरातून निघतात.

आपला,
एक जुना वाचक, रामबाग, इंदूर