शहर की शह्र?

महोदय,

‘खरी कविता मातृभाषेतच होते’ हे सरसकट विधान पटत नाही. गजानन माधव मुक्तिबोधांच्या घरची भाषा मराठी, तरी ते हिंदीतले मोठे कवी झाले. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. दुसऱ्या भाषेत जरूर लिहावे. पण हिंदी-उर्दू गझल लिहिणारी आपली मंडळी लिपी ओळखीची म्हणून कानही मराठीच ठेवतात, आणि तिथेच घात होतो.

ही ओळ पाहा : ‘शहर में नहीं अब कोई घर हमारा’. चाल मनाच्या श्लोकांची, लगागा चार वेळा (ल म्हणजे लघू, एक मात्रा; गा म्हणजे गुरू, दोन मात्रा). या वृत्ताच्या, म्हणजे भुजंगप्रयाताच्या, चरणात अक्षरे १२. इथे भरतात १५. तरी हिंदीत ओळ बसते, कारण ‘अब’, ‘घर’ आणि ‘शहर’मधला ‘हर’ हे उच्चारात एकेक गुरू होतात. ‘कोई’तला ‘को’ लघू म्हणायची मुभा आहे. मराठीत ‘माझी’चे ‘मझी’ कधीच होत नाही, म्हणून ही मुभा आपल्याला एक तर ठाऊक नसते, नाहीतर कळल्यावर आपण वाटेल तो गुरू पाडतो, म्हणजे लघू करून टाकतो. ‘हमारा’तला शेवटचा ‘रा’ पाडता येतो, मधला ‘मा’ नाही.

उर्दूचा जाणकार मात्र पहिल्याच शब्दाला अडेल. त्याच्या लेखी तो ‘शह्र’ आहे, म्हणजे गाल, आधी गुरू मग लघू. मग ‘शह्र में’ गालगा होते आणि सुरुवातच मोडते. शब्द नुसते हलवले तरी दुरुस्ती होते : ‘नहीं शह्र में अब कोई घर हमारा’. (‘वज़न’चेही तसेच, मूळ ‘वज़्न’.) यमकात ‘आज’ला ‘राज़’ जोडतात, तेही चूक, ज आणि ज़ हे तिथे वेगळे वर्ण आहेत.

अर्थाची फसगत त्याहून वाईट. ‘शिक्षा’, ‘चेष्टा’, ‘संसार’ हे शब्द सीमा ओलांडताच अर्थ बदलतात. लिंगाचे तर विचारूच नका. मराठीत मृत्यू ‘तो’, हिंदीत ‘मृत्यु’ आणि ‘मौत’ दोन्ही स्त्रीलिंगी. मृत्यूला दारात आलेला सखा म्हणणारी मराठी कल्पना हिंदीत नेताना ‘आया’चे ‘आई’ करून भागत नाही, प्रतिमाच नव्याने शोधावी लागते.

गझल कार्यशाळांत लगक्रम फळ्यावर लिहून देतात. त्याआधी वीस-पंचवीस उर्दू शेर मोठ्याने म्हणून घ्यावेत, आणि मात्रा त्या उच्चारावरून मोजायला लावाव्यात.

– एक गझल अभ्यासक, नागपूर