ज्येष्ठांची 'का कू' मोजताना

महोदय,

वैद्यकीय, नर्सिंग आणि समाजकार्याच्या पदवीचे विद्यार्थी हल्ली प्रकल्पासाठी 'ज्येष्ठ नागरिक आणि लसीकरण' हा विषय हटकून निवडतात. खर्च जवळपास नाही, माणसे शेजारच्याच सोसायटीत मिळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या विद्यार्थी योजनेतल्या दोन महिन्यांत कामही बसते. मग 'इतके टक्के ज्येष्ठांचा लशीला नकार' असा आकडा बाहेर पडतो आणि त्याचा मथळा होतो. तो आकडा ज्येष्ठांच्या मनापेक्षा प्रश्नावलीविषयीच अधिक सांगत असतो.

लशीबाबतच्या या 'का कू'ची (इंग्रजीत 'व्हॅक्सिन हेझिटन्सी') जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१४मध्ये जी व्याख्या केली, तिचा आशय असा : लस उपलब्ध असूनही ती घेणे लांबवणे किंवा नाकारणे. यातले 'उपलब्ध असूनही' विसरले की सगळा घोळ होतो. करोनाची लस १ मार्च २०२१पासून साठीपुढच्यांना सरकारी केंद्रांवर मोफत होती; तिथे का कू मोजणे रास्त. फ्लू, न्यूमोनिया आणि नागीण यांच्या लशी मात्र सरसकट सर्व ज्येष्ठांना सरकारी कार्यक्रमात मिळत नाहीत. नागिणीच्या नव्या लशीचे २ ते ६ महिन्यांच्या अंतराने दोन डोस, आणि एकेका डोसची किंमत हजारोंत. पेन्शन नसलेल्या आजी 'नको बाई' म्हणतात तेव्हा त्या लशीला नाही, मुलाच्या खिशाला घाबरत असतात.

म्हणून प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा. अशी लस असते हे ठाऊक आहे का? डॉक्टरांनी कधी ती घ्यायला सांगितले का? फुकट आणि घराजवळ मिळाली तर घ्याल का? या तिसऱ्या प्रश्नालाही 'नाही' आले, तरच तो नकार. बाकीचे माहितीचा अभाव, सल्ल्याचा अभाव, पैसे, किंवा लिफ्ट नसलेला तिसरा मजला.

इंग्रजी मापनपट्टी, म्हणजे मत मोजायची ठरावीक प्रश्नावली, जशीच्या तशी मराठीत आणली की आणखी गंमत होते. 'आपणास लशीबाबत संकोच वाटतो का?' असे विचारल्यावर 'संकोच कसला, सिस्टर असतात की दंडाला सुई टोचायला' हे उत्तर अगदी बरोबर आहे, चूक शब्दाची. 'लस सुरक्षित आणि उपयुक्त आहे का?' हे एका वाक्यात दोन प्रश्न. 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' या पाच पायऱ्या तोंडी वाचून दाखवल्या, तर पुष्कळांच्या लक्षात शेवटचीच राहते आणि तीच उत्तर म्हणून येते. त्यापेक्षा आधी 'पटते की नाही?' आणि मग 'अगदी की थोडेसे?' असे दोन टप्प्यांत विचारावे. मराठी मसुदा मूळ प्रश्न न पाहिलेल्या माणसाकडून परत इंग्रजीत करून घ्यावा आणि वीस-तीस जणांवर पडताळून पाहावा. ही माणसे मुख्य नमुन्यात, म्हणजे ज्यांची उत्तरे मोजायची त्यांच्यात, धरू नयेत.

नमुन्याचे गणित, म्हणजे किती जणांना विचारायचे ते, मुलांना पाठ असते. ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चुकीची मुभा, नकार देणाऱ्यांचे प्रमाण ५० टक्के धरले की ३८४ माणसे. १० टक्के लोक बोलणारच नाहीत असे धरले तर ३८४ला ०.९ने भागायचे, म्हणजे ४२७. (दहा टक्के नुसते मिळवून ४२२ लिहिणे ही नेहमीची चूक.) पण हे ४२७ जण सकाळी बागेत फिरणारे आणि ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद असतील, तर अंथरुणाला खिळलेले, ज्यांना न्यूमोनियाची भीती सर्वांत जास्त, ते त्यात नसतातच. प्रभागाच्या मतदार यादीत वय असते; त्यातून चिठ्ठ्या टाकाव्यात. घर बंद असेल तर वेगवेगळ्या वेळी तीन खेपा घालाव्यात. दुपारी एक ते चार कुणाची झोप मोडू नये.

घरात गेल्यावर उत्तर कोण देते ते पाहावे. प्रश्न सासूबाईंना आणि उत्तर सुनेचे, असे झाले तर फॉर्मवर तशी खूण हवी. ऐकू कमी येत असेल तर टीव्ही बंद करून समोरासमोर बसावे. आशाताई (वस्तीतल्या आरोग्य स्वयंसेविका) घर दाखवायला सोबत असाव्यात, मुलाखतीला नसाव्यात. त्यांच्यासमोर 'लस घेणार नाही' म्हणायला कुणी धजत नाही. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीची परवानगी पहिल्या मुलाखतीच्या आधीची हवी. संमतिपत्रावर सही येत नसेल तर अंगठा, आणि शेजारी त्रयस्थ साक्षीदाराची सही.

कारणे त्यांच्याच शब्दांत उतरवावीत. 'मला रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे' हे वाक्य 'दुष्परिणामांची भीती' या रकान्यात टाकले की मेले. ती शंका आहे आणि तिला उत्तर आहे : बारीक सुई वापरायची आणि टोचल्यावर न चोळता किमान दोन मिनिटे घट्ट दाबून धरायचे. मात्र हे उत्तर शेवटचा प्रश्न संपल्यावर द्यावे. मध्येच समजूत घालायला बसलेल्या विद्यार्थ्याला पुढची सगळी उत्तरे त्याच्या मनासारखी मिळतात.

प्रत्येक फॉर्मवर तारीख हवीच. एप्रिल २०२४च्या अखेरीस कोविशील्ड आणि रक्ताच्या गुठळ्यांची बातमी गाजली. ती अतिदुर्मीळ गुंतागुंत डोसनंतर साधारण ४ ते ४२ दिवसांत दिसते, त्यामुळे २०२१मध्ये डोस घेतलेल्यांना तेव्हा धास्तावण्याचे कारण नव्हते. तरी धास्ती घरोघर होती. त्या बातमीच्या अलीकडची आणि पलीकडची उत्तरे एकाच टक्केवारीत मिसळता येत नाहीत.

आपल्या दैनिकाला विनंती एवढीच, की असा आकडा छापताना लस कोणती, ती फुकट होती की विकतची, किती जणांना, कुठे आणि केव्हा विचारले, आणि प्रश्नाचे नेमके शब्द काय होते, हेही शेजारी द्यावे. चौकटीत चार ओळी पुरतात.

— कम्युनिटी मेडिसिनचे एक अध्यापक, पुणे